न सापडलेलं कारण

रोह्याला आमच्या शेजारी रुकय्या खाला राहायची. कोणाचंही भांडण ऐकू आलं की ओढणी सावरत ही तिथे हजर. पहिलं वाक्य ठरलेलं, "आधी कारण बोल. रडायचं मागनं." एकदा गल्लीतल्या दोन जावांनी वाळत घातलेली सुकट चोरीला गेली म्हणून एकमेकींशी बोलणं टाकलं. खाला दुपारभर त्यांच्या पडवीत ठाण मांडून बसली आणि चोर पकडला. "मांजर हाय गो! जाऊ नाय!" दोघी तिथेच हसत सुटल्या.

तिचा मुलगा इम्तियाज कतारला. घरी सून सना आणि चार वर्षांचा नातू अयान. हा माझ्या स्वयंपाकघरात हक्काने शिरायचा आणि डबा उघडून चिवडा घ्यायचा.

त्या उन्हाळ्यात त्याला उलट्या-जुलाब झाले, थांबलेही. पुन्हा अंगणात सायकल फिरू लागली. मग एका सकाळी सनाने त्याला माझ्यासमोर उजेडात धरलं.

"वहिनी, याचे डोळे बघा ना."

डोळ्यांतला पांढरा भाग हळदीसारखा पिवळा झाला होता.

पेणच्या मुलांच्या डॉक्टरांनी रक्त तपासलं आणि त्यांचा चेहराच बदलला. काविळीच्या नेहमीच्या विषाणूंपैकी एकही सापडला नव्हता. यकृत मात्र झपाट्याने निकामी होत होतं. त्यांनी लगेच मुंबईला पाठवलं. मीही सोबत गेले. तिथे पोचेपर्यंत अयान आईला ओळखेनासा झाला होता.

"माझं लिव्हर काढा नि त्याला घाला," खाला डॉक्टरांना म्हणाली. तिच्या तपासण्या चालू असतानाच अयान गेला. आम्हाला रडूही आलं नाही.

"कारण काय, डॉक्टर?" खालाने विचारलं.

"सर्दी-जुलाबाचा एक साधा विषाणू रक्तात सापडलाय," ते म्हणाले. "बहुतेक मुलांना तो होतो आणि जातो. सोबत दुसरा एखादा असेल, किंवा शरीराची प्रतिकारशक्तीच यकृतावर उलटली असेल. परदेशातही अशी मुलं आढळलीत. पण नक्की कशाने, ते आम्हाला माहीत नाही, आजी."



रोह्यात मात्र सगळ्यांना माहीत होतं. कोलाडला हायवेवर खाल्लेली भेळ, बाटलीतला ज्यूस, कुणाची नजर. सांत्वनाला आलेली प्रत्येक बाई काहीतरी शोधून आणायची आणि सनाकडे बघायची. इम्तियाजला दफनाला पोचता आलं नव्हतं. तो फोनवर ओरडला, "काय खायला घातलंस त्याला?" सगळ्यांना ऐकू आलं. खालाने सनाच्या हातून फोन घेतला.

"येवढ्या मोठ्या डॉक्टरांना सापडलं नाय, तुला तिकडं बसून सापडलं व्हय? बाप हायस, रड. तिला विचारू नको."

पण सनाने स्वयंपाकाला हात लावणं सोडलं. "माझ्या हातालाच काय असेल तर?" म्हणायची. शेजाऱ्यांचे डबे यायचे थांबले, तरी ती गॅसजवळ जाईना.

खालाला जाऊन आता वर्ष होत आलं. मला ती दिसते ती एका दुपारची. सांत्वनाला येणाऱ्या बायकांनी घर अजून भरलेलं होतं. खाला मधोमध येऊन बसली.

"सना, भात लाव. मी तुझ्याच हातचं खाणार."

सनाने वाढलं. खालाने सगळ्यांसमोर ताट रिकामं केलं आणि सनापुढे धरलं.

"अजून वाढ."