कूलरच्या बटणावर कोराडी ते विमानतळ

साताऱ्याहून निघताना आईची एकच अट होती, मावशीला विमानतळावर आपल्याच गाडीतून सोडायचं. मावशी नागपूरजवळची कोराडीची वीजकेंद्राची वसाहत सोडून मुलाकडे बंगळूरला कायमची निघाली होती. मला रजा उशिरा मिळाली, त्यामुळे कोराडीपासून नागपूरच्या विमानतळापर्यंतचा रस्ता, एवढाच वेळ दोघी बहिणींच्या वाट्याला उरला होता.

नागपुरात शिरलो तेव्हा पावसाची उघडझाप चालू होती. सदर भागात तर्री-पोहे (हरभऱ्याचा झणझणीत रस्सा घातलेले पोहे) खाऊन गाडीत बसलो, तर वायपर चालेना. जळका वास आला. ॲपवर गाडी मिळेना, रिक्षावाले कोराडीचं नाव काढताच मान हलवत.

पोहेवाल्याने मागच्या गल्लीतले इलेक्ट्रिशियन दाखवले, मेश्रामभाऊ. त्यांनी छत्री माझ्या हातात दिली, बॉनेट उघडलं आणि मोटरला थेट बॅटरीवरून वायर लावली. वायपरची पाती सरसर फिरली.

“मोटर ठीक हाय ताई, स्विच जळला. पण या गाडीचा स्विच आज मिळत नाही.”

मग काहीतरी सुचल्यासारखे ते दुकानात गेले आणि स्वतःच्या कूलरचं गोल बटण काढून घेऊन आले. नागपूरकरांचा अख्खा उन्हाळा ज्यावर निघतो, ते लो-हायचं बटण.

“अहो, तुमचा कूलर?” आई म्हणाली.

“पावसात त्याले काय काम, माय?”

वायपरलाही वेग दोनच. फ्यूजची वायर बटणाच्या मुख्य टोकाला, हळू वेगाची लोवर, जोराची हायवर. टेप गुंडाळलेलं बटण आईच्या गुडघ्यासमोर लटकलं. पाती फिरली, पण बंद केल्यावर नेमकी माझ्या डोळ्यांसमोर उभी राहिली. मेश्रामभाऊंनी कपाळावर हात मारला.

“कूलरचा पंखा कुठंही थांबला तरी चालते. वायपरले खाली घरी जावं लागते. तिला खाली नेणारी वायर या बटणात बसतच नाही. माय, पाती खाली आली की लगेच बंद करा.”

कोराडीत मावशी सामानासह पायरीवर बसली होती.

“काहून (का) वं एवढा उशीर? मले वाटलं, येत नाही तू.”

“तुले सोडल्याबिगर राहीन का मी, बाई?” थोरल्या बहिणीला इकडे बाई म्हणतात. साताऱ्यात कधी न ऐकलेली आईची ही माहेरची बोली होती.

राखेचे ट्रक राखाडी पाणी उडवत जात होते. मावशी मागून ओरडे, “आता बंद कर... गेली नं वर! काय करून राहिली?” आई म्हणे, “तू बस नं गुमान.” विमानतळापर्यंत दोघींचं हेच चाललं. शेवटी मावशीने आईचा गाल ओढला आणि ती आत गेली.

परतताना मेश्रामभाऊंचे आभार मानले. अनोळखी बाईसाठी स्वतःचा कूलर उघडणारा माणूस मला दुसरा भेटलेला नाही.

वर्ध्याच्या पुढे मला राहवेना. दोघींना एवढ्या वर्षांचं बोलायचं होतं आणि सगळा रस्ता वायपरवरून भांडण्यात गेला. तसं मी आईला म्हटलं.

“लहानपणी आम्ही दुसरं काय करत होतो?” आई म्हणाली. “मनासारखं भांडून झालं.”