मधूचा टॉवर उतरवला तेव्हा

मधू गेल्याची बातमी मला फोनवर कळली, हे त्याला मुळीच आवडलं नसतं. ओळखीच्याच माणसाशी बोलायचं तर त्यासाठी यंत्र कशाला, असं तो फोनबद्दल म्हणे. त्याचा जीव हॅम रेडिओत. सरकारी परवाना घ्यायचा, घरच्या यंत्रावरून जगातल्या कुणाही अनोळखी माणसाला हाक मारायची आणि उत्तर आलं की हवापाण्याच्या गप्पा मारायच्या, असा हा छंद. छावणीतल्या त्याच्या अंगणात त्यासाठी उंच लोखंडी टॉवर होता. "कोणत्या कंपनीचा?" असं पाहुणे विचारत. मधू गंभीरपणे सांगे, "घरचाच. म्हणून तर रेंज फक्त मला येते."

रविवारी सकाळी आम्ही मित्र त्याच्याकडे जमायचो. तो माइक धरून बसे, आम्ही पोह्यांवर लक्ष ठेवून. तो गेल्यावर काही आठवड्यांनी त्याच्या पत्नी कुसुमवहिनींनी निरोप धाडला, की टॉवरचे पाय गंजलेत, वाऱ्यात हलतो, शेजाऱ्याच्या पत्र्यांवर पडायच्या आत उतरवा. मी भेटायला गेलो तेव्हा त्या म्हणाल्या, "उतरवा भाऊजी... पण मग रविवारी तुम्ही कशाला याल इथं?" "येऊ की," मी म्हणालो. हे उत्तर लोक दारात उभं राहून देतात, आणि ते कुणालाच खरं वाटत नाही.

ठरल्या दिवशी आमच्या हॅम मंडळाचे अध्यक्ष बोरुडेसाहेब शाल, हार आणि टाईप केलेलं भाषण घेऊन हजर झाले. मधूच्या यंत्रावरून त्याच्या नावानं अखेरची हाक द्यायची, मग स्तब्धता, मग भाषण, असा कार्यक्रम त्यांनी आखला होता. आमच्यातला नईम कमरेला पट्टा बांधून वर चढला. खाली आम्ही सगळे वॉकीटॉकी घेऊन. नईम हाकेच्या अंतरावर, तरी बोरुडे विचारत होते, "नईम, पाना पाठवू का? ओव्हर." वरून नुसत्या गळ्यानं उत्तर आलं, "यहींच हूं ना साहब! ओव्हर काय को बोलते? भेजो जल्दी!" दोरानं अँटेना खाली आली, आम्ही टाळ्या वाजवल्या. मग टॉवर तुकड्या-तुकड्यानं उतरला. शेवटचा तुकडा जमिनीला टेकला तसे बोरुडे कोटाचं बटण लावून यंत्रापाशी बसले, माइक उचलला... आणि तसेच थांबले.

"अँटेना कुठाय?"

"उतर गई ना," नईम म्हणाला. "आपनेच तालियां बजाई."

आम्ही सगळे परवानाधारक. हाक द्यायला अँटेना लागते, हे एकालाही आठवलं नव्हतं. कित्येक आठवड्यांनी वहिनी हसल्या, हसता हसता पायरीवरच बसल्या. "लई हुशार! ह्यांच्याच पंगतीतले तुम्ही समदे." मग त्यांनी अंगणातल्या कपडे वाळत घालायच्या तारेकडे बोट केलं. "ती लावा. एकदा वादळात अँटेना मोडली तवा ह्यांनी तिच्यावरच भागवलं होतं. माझी लुगडी खुर्चीवर वाळली."

टॉवेल काढले, नईमनं तार जोडली, ट्यूनर फिरवला. खरखर झाली आणि नांदेडहून कुणीतरी बोललं. बोरुड्यांनी भाषणाची घडी उलगडली. नईम म्हणाला, "पहले भाभी."

वहिनींकडे परवाना होता. लग्नानंतर मधूनं त्यांना परीक्षेला बसवलं होतं आणि त्यांना त्याच्यापेक्षा जास्त गुण मिळाले होते. त्यांच्या परवान्याचं तो मुदत संपायच्या आत नूतनीकरण करून आणी, पण वहिनी कधी बोलल्या नाहीत. "बटण दाबून बोलायचं, मग सोडायचं," त्या पुटपुटल्या. "हे सोडणंच ह्यांना जमत नव्हतं." मग स्वतःचं संकेतनाव सांगून म्हणाल्या, "हे गेले. टॉवर उतरवला. मी आहे... ओव्हर."

त्यांनी बटण सोडलं. मग नांदेड, जालना, लातूर, सगळे एकदम बोलू लागले. शेवटी एक आवाज स्पष्ट आला, "वहिनी, पुढच्या रविवारी बोलायला येणार ना?"

त्यांनी आमच्याकडे पाहिलं. "येईन की. पण ह्या लोकांना इथं यावं लागंल. मला बटणं समजत नाय."

बोरुड्यांनी भाषण खिशात घातलं आणि शाल वहिनींच्या खांद्यावर टाकली. मी त्यांचं पाहिलेलं हे सर्वांत उत्तम भाषण.

टॉवर भंगारात गेला. आम्ही दर रविवारी जातो, आणि वहिनी आम्हाला बटणांना हातही लावू देत नाहीत. त्या सकाळी तारेवर एकही कपडा नसतो. शेजारीण ओल्या कपड्यांची बादली घेऊन आली, की त्या खिडकीतूनच सांगतात, "दुपारी घाल गं. आत्ता बोलणं चालू आहे."