डावा कार्बोरेटर

पायाला भिंगरी आहे म्हणून तिला माहेरी भिंगरी म्हणायचे. लग्नानंतर नवऱ्यानेही तेच नाव चालू ठेवलं आणि पुढे कारखान्यातल्या बायकांनीही. कपड्यांच्या त्या कारखान्यात शिवणयंत्रांच्या लांबच लांब रांगा होत्या आणि गेली बावीस वर्षं भिंगरी तिथली मेकॅनिक होती. कुठलं मशीन टाका सोडतंय हे तिला रांगेतून नुसतं चालताना कळायचं. खुर्चीवर बसायचं काम तिला कुणी कधी दिलं नाही आणि तिनेही मागितलं नाही. घरी जेवायला बसली तरी दोन घासांच्या मध्ये एकदा उठायचीच. मीठ आणायला, नळ बघायला, नाहीतर उगाचच.

नवरा नेमका उलट. एका जागी बसणार आणि बोलत राहणार. त्याचा धंदाच बोलण्याचा होता. जुन्या सामानाच्या लिलावात तो बोली पुकारायचा. मोडक्या कपाटाचं असं वर्णन करायचा की ज्याच्या घरात जागा नाही तोही हात वर करायचा. "एक वार... दोन वार..." म्हणून तो थांबायचा तेव्हा हॉलमध्ये कुणी खोकतसुद्धा नसे.

तो आवाज बसला. सुरुवातीला सर्दी वाटली, मग धूळ वाटली, आणि चार महिन्यांनी घशाच्या डॉक्टरांनी आत दुर्बीण घालून स्वरयंत्रावरचा एक बारीकसा तुकडा तपासायला काढला.

"रिपोर्ट आठ दिवसांत येईल," डॉक्टर म्हणाल्या. "तोपर्यंत एक शब्द बोलायचा नाही. कुजबुजसुद्धा नाही, त्याने उलट जास्त ताण पडतो."

नवऱ्याने तोंड उघडलं आणि मिटलं. मग मान हलवली.

भिंगरीने आठ दिवसांची रजा टाकली. त्याच्याजवळ राहता यावं म्हणून. पण राहणार तरी कशी? पहिल्या दिवशी तिने सगळी कपाटं रिकामी करून पुन्हा लावली. दुसऱ्या दिवशी सकाळी पंखे पुसले, दारांच्या बिजागऱ्यांना तेल दिलं, तरी घड्याळात दहाच वाजले होते. घरात इतकी शांतता की फ्रिज बंद होताना दचकायला व्हायचं. मुलगी फोन करून विचारायची, "बाबा कसे आहेत?" आणि भिंगरी सांगायची, "गप्प आहेत." दुसरं सांगण्यासारखं काही नव्हतंच. जीव नुसता टांगणीला लागला होता.

अकराच्या सुमाराला ती जिन्याखालच्या खोलीत शिरली आणि तिने ताडपत्री ओढली. खाली नवऱ्याची मोटरसायकल होती. लग्नाच्या आदल्या वर्षी त्याने ती वापरलेलीच घेतली होती. दोन सिलिंडरची, आणि प्रत्येक सिलिंडरला पेट्रोल-हवा मिसळून देणारा वेगळा कार्बोरेटर. अकरा वर्षं ती उभी होती. "या महिन्यात चालू करतोच," असं तो दर महिन्याला म्हणायचा.

नवरा दारात येऊन उभा राहिला. हातात वही होती. त्याने लिहिलं, "काय करतेस?"

"चालू करते," भिंगरी म्हणाली.

"तुला कार्बोरेटरमधलं काय कळतं?"

"तुम्ही सांगा की."

त्याने घशाकडे बोट दाखवलं.

"लिहून सांगा," ती म्हणाली. तोवर तिने पाना हातात घेतलाही होता.

दोन्ही कार्बोरेटर काढून तिने स्वयंपाकघरातल्या टेबलावर वर्तमानपत्रं पसरून मांडले. खालची वाटी उघडली तसा असा वास आला की खिडकी उघडावी लागली. आतलं पेट्रोल केव्हाच उडून गेलं होतं आणि उरला होता तो मधासारखा चिकट, पिवळा थर. पितळी जेट, म्हणजे ज्यांतून पेट्रोल मोजून इंजिनात जातं त्या बारीक नळ्या, पार बुजले होते. सगळ्यात लहान जेटचं भोक केसाएवढं. भिंगरीला ते बघून बरं वाटलं. हे तर आपलंच काम, तिच्या मनात आलं, आणि तिने आपल्या डब्यातली सर्वांत बारीक सुई काढली.

टेबलावर तीनदा थाप पडली. नवरा घाईघाईने लिहीत होता. "सुई नको!! पितळ मऊ असतं. भोक मोठं होईल. मग जन्मभर पेट्रोल पीत बसेल."

"मग कशाने काढू? फुंकर घालून?"

त्याने थोडा विचार केला आणि लिहिलं, "चष्मेवाला."

खालच्या मजल्यावरच्या चष्मेवाल्याकडे चष्मे धुवायची एक छोटी टाकी होती. पाणी भरायचं, बटण दाबायचं, की ती गुणगुणायला लागायची आणि कोपऱ्याकोपऱ्यातला मळ सुटून यायचा. चष्मेवाल्याने ते काळे जेट पाहिले, मग भिंगरीला पाहिलं.

"वहिनी, याचा नंबर काढायचाय का?"

"धुवायचंय. गिऱ्हाईक नसेल तेव्हा."

"गिऱ्हाईक असतं कुठे?" तो म्हणाला आणि त्याने टाकी पुढे सरकवली. दुपारभर भिंगरी त्या टाकीसमोर येरझाऱ्या घालत राहिली. दर पाच मिनिटांनी एकेक जेट उजेडाकडे धरून बघायची. संध्याकाळी पाच वाजता शेवटच्या जेटमधून उजेडाचा ठिपका दिसला तेव्हा तिने चष्मेवाल्याला बोलावून तो दाखवला. त्यानेही एक डोळा मिटून पाहिला आणि "वा!" म्हणाला. त्या दिवसात ती रिपोर्ट विसरली, असं मात्र नाही. पायऱ्या चढून घरी पोचायच्या आधीच तो पुन्हा आठवला.

पाचव्या दिवशी घोळ झाला. डाव्या कार्बोरेटरमधला तरंगता पितळी फुगा ज्या खिळीवर हलतो, ती खिळी जाम बसली होती. नवऱ्याने लिहिलं, "तेल सोडून ठेव. मुरू दे. उद्या बघू." आणि तो आंघोळीला गेला. तेवढ्यात दवाखान्यातून फोन आला.

"रिपोर्टला अजून दोन दिवस लागतील," पलीकडची मुलगी म्हणाली. "नमुना दुसऱ्या डॉक्टरांनाही दाखवायचाय."

"का? दुसऱ्यांना का?"

"ते मला नाही सांगता येणार, मॅडम."

भिंगरीने फोन ठेवला आणि छोटी हातोडी उचलली. तिला उद्यापर्यंत थांबायचं नव्हतं. तिला काहीतरी आत्ता, या मिनिटाला, सुटलेलं बघायचं होतं. तिने खिळीवर एक ठोका दिला, दुसरा दिला. तिसऱ्या ठोक्याला कट् असा बारीक आवाज झाला आणि खिळी धरून ठेवणारा खांबच बुडातून तुटला.

नवरा टॉवेल खांद्यावर टाकून बाहेर आला तेव्हा ती तो तुकडा तळहातावर घेऊन उभी होती. चुलत सासूबाई वारल्या तेव्हा, मुलगी परगावी गेली तेव्हा, एवढंच काय डॉक्टरांनी तुकडा काढला तेव्हाही ती रडली नव्हती. आत्ता मात्र तिला हुंदके आवरेनात.

"मीच मोडलं," ती म्हणाली. "तुम्ही थांब म्हणालात. आणि दोन दिवस अजून लागणार म्हणे. दुसऱ्या डॉक्टरांना दाखवणार म्हणे."

तो खुर्चीवर बसला. वही पुढे ओढली. मग लिहिलं, "दुसरा डावा शोधू." आणि खाली, अक्षर जरा लहान करून, "मलाही भीती वाटते."

ते वाचून ती त्याच्या शेजारच्या खुर्चीवर बसली. चांगली अर्धा तास बसली.

दुसऱ्या दिवशी दोघं जुन्या गॅरेजांच्या गल्लीत गेली. तिथे एक म्हातारे मेकॅनिक होते. आता ते स्वतः काम करत नव्हते, पण एकही जुना भाग त्यांनी टाकून दिला नव्हता. नवऱ्याने त्यांच्यापुढे वही धरली. म्हाताऱ्यांना वाटलं हा मुका आणि बहिरा आहे, म्हणून ते गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडले, "डावा हवा की उजवा?"

"डावा," भिंगरी म्हणाली. "आणि त्यांना ऐकू येतं."

"मग बोलत का नाहीत? भांडलात?"

"डॉक्टरांनी बंदी घातलीय."

"कमाल आहे! अशी बंदी आमच्या घरी कुणी घातली नाही," म्हणत म्हाताऱ्यांनी पत्र्याचे तीन डबे ओतले. त्यातून एक डावा निघाला. वाटी फुटकी, बाहेरून गंजलेला, पण आतले दोन्ही खांब शाबूत. आपल्याकडची वाटी त्याला बसेल हे भिंगरीने पाहिल्याबरोबर ओळखलं. खिळी कुठल्या बाजूने ठोकायची हेही म्हाताऱ्यांनी दाखवलं. ती चुकीच्या बाजूने ठोकत होती.

नवव्या दिवशी दोन्ही कार्बोरेटर इंजिनावर चढले. आता उरलं होतं ते दोघांचं जमवणं. एकाने जास्त हवा ओढली आणि एकाने कमी, की इंजिन धड चालत नाही. नवऱ्याने वहीत चित्र काढून दिलं. लाकडी फळीवर पारदर्शक नळी इंग्रजी यू अक्षरासारखी लावायची, तिच्यात तेल भरायचं आणि तिची दोन टोकं दोन कार्बोरेटरना जोडायची. दोन्हीकडचं तेल एका पातळीवर आलं की जमलं. तेल भिंगरीचंच, शिवणयंत्राचं.

पंधराव्या लाथेला इंजिन खोकलं, विसाव्या लाथेला सुरू झालं. भिंगरीने आनंदाच्या भरात भलताच स्क्रू फिरवला. उजव्या बाजूने फळीवरचं तेल एका दमात ओढून घेतलं आणि सगळं अंगण पांढऱ्या धुराने भरून गेलं. चष्मेवाला बादली घेऊन धावत आला. नवरा पोट धरून, आवाज न करता हसत होता. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच.

पुन्हा तेल भरलं, पुन्हा सुरुवात. पाव फेरा इकडे, पाव फेरा तिकडे. अखेर तेलाच्या दोन्ही रेघा समोरासमोर आल्या, आणि तेवढ्यात नवऱ्याने तिच्या पाठीला हात लावून खिडकीकडे खूण केली. फोन वाजत होता.

"उद्या दहाला दोघंही या," दवाखान्यातली मुलगी म्हणाली. काय आहे ते सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी ते मोटरसायकलवरूनच गेले. डॉक्टरांनी आडपडदा ठेवला नाही. गाठ वाईटच होती, पण फार लवकर सापडली होती. कापाकापी नको. सहा आठवडे, शनिवार-रविवार सोडून रोज किरणांचा उपचार, आणि मग बरं होण्याची आशा चांगली. "आवाज राहील. पण पूर्वीचा नाही," त्या म्हणाल्या. "आता हळू बोलायला हरकत नाही."

भिंगरी त्याच्याकडे बघत राहिली. तो दवाखान्याच्या पायऱ्या उतरून थेट मोटरसायकलपाशी गेला. मोटरसायकल सुरू झाली तेव्हा खरखरीत, अनोळखी आवाजात म्हणाला, "उजव्यात अजून जरा पेट्रोल जास्त जातंय."

"दुसरं काही सुचलं नाही?" ती म्हणाली.

"आहे की. पण ते घरी गेल्यावर."

घरी गेल्यावर तो काय म्हणाला ते तिने कुणाला सांगितलेलं नाही.

तीस वेळा त्यांनी ती वारी केली. चौथ्या आठवड्यापासून त्याला थकवा येऊ लागला, गिळताना डोळ्यांत पाणी यायचं, तेव्हा भिंगरी मोटरसायकल चालवायला शिकली. छप्पन्नाव्या वर्षी, त्याला मागे बसवून. सिग्नलला उभं राहणं तिला जमत नसे. दिवा हिरवा होईपर्यंत ती इंजिनाला रेस देत राही आणि तो मागून तिच्या खांद्यावर बोटाने टकटक करी, म्हणजे सबुरीने घे.

गाठ गेली. लिलावाचा आवाज मात्र परत आला नाही. तो आता हॉलच्या मागच्या टेबलावर बसून वस्तूंची वर्णनं लिहून देतो आणि ती दुसरं कुणीतरी वाचतं. तसं वाचणं त्याला आवडत नाही, हे तो घरी येऊन दर वेळी सांगतो.

दर तीन महिन्यांनी तपासणी असते. तिच्या आदल्या आठवड्यात भिंगरी दोन्ही कार्बोरेटर टेबलावर घेते. त्यांना काही झालेलं नसतं. तो टेबलाच्या दुसऱ्या बाजूला बसतो, वर्तमानपत्र पसरून देतो आणि वाटीचे स्क्रू हरवू नयेत म्हणून एका बशीत मोजून ठेवतो.