वाळक्या पानाचं पाखरू

ब्रह्मदेशच्या लढाईवरून आकाराम परतला त्याला वर्ष होत आलं. हातपाय धड होते, पण चांदोलीकडच्या रानात काही त्याचं पाऊल पडत नव्हतं. पलटणीतला सोबती सिद्धू त्याच्या डोळ्यांदेखत गेला होता. पालापाचोळा पांघरून पडलेला जपानी शिपाई दोघांनाही दिसला नव्हता. तेव्हापासून वाळकं पान हललं की आकारामचा श्वास अडके.

सेहेचाळीसच्या शिमग्यात त्याचे वडील हंबीरराव चुकार म्हैस शोधायला सकाळीच रानात गेले. ऊन कललं तरी आले नाहीत.

"आवं, मामंजी अजून आलं न्हाईत," त्याची बायको अंबूबाई म्हणाली. "तुमी जाताय का मी जाऊ?"

आकाराम निघाला. रानाच्या तोंडाशीच तो थांबला. हाक मारायला गेला तर घशातून आवाज निघेना. आवाज केला की शत्रूला ठिकाण कळतं, हे लढाईत अंगात भिनलेलं. एकेक पाऊल दाबून टाकत तो ओढ्यापर्यंत पोचला.

तिथं जांभळीच्या बुंध्यापाशी एक पान हललं. वारा तर नव्हता. आकाराम धाडकन आडवा झाला. गाल मातीला, छातीचे ठोके कानात. किती वेळ गेला कोण जाणे. मग ते पानच उघडलं आणि आतून निळं निघालं. फुलपाखरू होतं.

असलं पाखरू तिकडं ब्रह्मदेशात पलटणीच्या डॉक्टरसाहेबांनी त्याला दाखवलं होतं. मिटलं की हुबेहूब पान, उघडलं की निळ्यावर नारिंगी पट्टा. "तुझ्या मुलखातही याचा भाऊबंद असतो, जरा वेगळा," साहेब म्हणाले होते. त्याला ती थाप वाटली होती. समोरच्या पाखराचा पट्टा फिका, निळसर होता. नारिंगी कुठंच नाही. त्यानं पुन्हा पुन्हा निरखून पाहिलं.

"हे तिथलं न्हवं," तो पुटपुटला. "हितलं हाय."

उठून बसला आणि हाक फुटली. "आबाऽऽ!"

दोन हाकांना उत्तर नाही. तिसरीला ओढ्यापलीकडून खोकला ऐकू आला. पाय मुरगळून हंबीरराव खडकावर बसले होते, म्हैस शेजारी चरत होती.

"लय येळ लावलास रं. मला वाटलं, तू काय येत न्हाईस."

"आलो की, आबा."

म्हैस पुढं घालून त्यानं म्हाताऱ्याला पाठीवर घेतलं. वाटेत पाचोळा वाजला की तो थबके, मग पुन्हा चालू लागे. अंगणात अंबूबाईनं त्याच्या गालावरची माती पाहिली. तिनं पाणी आणून दिलं. पुढं रानातली कामं आकारामच करू लागला. त्याची भीती गेली असं नाही, आणि अंबूबाईला ते ठाऊक होतं. तो परत येईपर्यंत ती दारातून हलत नसे.