सदर बाजारातला बारुदाचा काटा

दिवाळीत फटाक्यांची लडी फुटली, की त्या धुराच्या वासाने मला सदर बाजारातलं वजनकाट्यांचं दुकान आठवतं. रायपूर नुकतंच राजधानी झालं होतं, माझी पोट्टी नेमबाजी शिकत होती आणि तिचे बाबा परवान्यावर तिची काडतुसं घरीच भरत. बारूद मोजायचा काटा बिघडला, म्हणून नवा आणायला मीच गेले. दुकानदार म्हणाला, "दीदी, भैया को भेज दो ना!" आणि त्याने चकचकीत इलेक्ट्रॉनिक काटा पुढे सरकवला. मी नाकातली चमकी काढून त्यावर ठेवली, उचलून परत ठेवली, तर आकडा दुसराच! वाऱ्याने हलत असेल, म्हणून उठून सरळ पंखा बंद केला. गिऱ्हाइकं घामाने कावली, तरी आकडा हलूनच राहिला होता. मग मी काचेच्या पेटीतला तराजू मागितला. दुकानदार हसला, "इतना तो सुनार भी नहीं देखता." मी म्हटलं, "सुनार का सोना जाता है भैया, बारूद जादा पड़ा तो मेरी बेटी की आँख जाएगी." त्याने तराजू काढून पुढे ठेवला. तराजूवर चमकी दर खेपेला तेवढीच भरली, तेव्हाच मी पंखा लावू दिला. घरी हे म्हणतात, "काहून वो, भर बाजारात चमकी काढली? लोक काय म्हणतील?" लोक काय म्हणाले, ते मी आजवर विचारलं नाही. पोट्टीचे दोन्ही डोळे शाबूत आहेत. ज्याला बोलायचं असेल, त्याने तिच्यासमोर येऊन बोलावं.