कालाज म्हणजे पाचर नव्हे

ऐंशीच्या दशकात आमच्या बेटावर पितों गावाजवळ जर्सी विणण्याचा कारखाना निघाला, तेव्हा आमच्या भागात विजेच्या जळालेल्या मोटारींची वाइंडिंग, म्हणजे आतली तारेची वेटोळी, भरून देणारा मी एकटाच होतो. शिकवलं कुणी नव्हतं. शेतातले पंप उघडून उघडून शिकलो. कारखान्याचं वर्षभराचं काम मला मिळावं, एवढंच माझं मागणं. तिथला इंजिनियर आमच्याच मराठी लोकांतला, पण फ्रान्सला शिकून आलेला. 'काका' तेवढं मराठीत, बाकी तोरा फ्रेंच.

"एक मोटार करून दाखवा काका, मग बघू."

ती मोटार भलतीच निघाली. फिरणाऱ्या दांड्यावर कायमचे चुंबक, कार्बन ब्रश नाहीत आणि शेपटाला एक चकती. चुंबक या क्षणी कुठे आहे ते चकती सांगते आणि त्याप्रमाणे कंट्रोलची पेटी वीज सोडते. वाइंडिंग मी झकास भरली. चकती मात्र खूण न करताच काढली होती. मोटार फिरली, पण जोर म्हाताऱ्याचा आणि ताप तरण्याचा.

इंजिनियरनं मोटारीची फ्रेंच पुस्तिका उघडून गंभीरपणे वाचलं, "कालाज तपासा."

आमच्या क्रेओलमध्ये 'काले' म्हणजे पाचर मारून घट्ट बसवणं. मी फिलाओच्या, म्हणजे सुरूच्या लाकडाची सुरेख पाचर तासली आणि चकतीखाली ठोकली. ठोकताना चकती आणखी सरकली, मोटार आणखी तापली. इंजिनियर पोट धरून हसला.

"अहो काका, पाचर नाही, कोन! चकतीचा कोन!"

"मग किती तो सांग की."

पुस्तिकेची पानं पुढे-मागे झाली. "ते... कंपनीचा माणूस येऊन लावतो."

म्हणजे हसण्यापुरतंच शिक्षण झालं होतं. मी घरी डोकं लढवलं. चुंबकाला आडवा रेटा दिला तर तो फिरेल; त्याच्याच दिशेनं ओढला तर जागचा हलणार नाही, वीज नुसती उष्णतेत जाईल. पेटीला चुंबकाचा खोटा पत्ता मिळत होता. दुसऱ्या दिवशी मी मोटारीच्या दोन तारांना लॉरीची बॅटरी लावली. चुंबक टक्कन एका जागी येऊन थांबला. तिथेच चकतीचं शून्य जुळवून स्क्रू आवळला. मोटार गार, आवाज मऊ, विजेचा काटा निम्म्याखाली.

"कसं केलंत काका?"

"आधी वर्षभराचं काम कागदावर दे. मग सांगतो."

त्यानं टाय सरळ केला. "असं होय! म्हणजे नशिबानं लागलं."

नशीब! माझं डोकंच फिरलं. भर कारखान्यात ओरडून मी सगळं सांगितलं: कुठल्या दोन तारा, चुंबक का थांबतो, स्क्रू केव्हा आवळायचा. विणणाऱ्या बायका यंत्रं सोडून बघायला आल्या. तो शांतपणे वहीत लिहीत होता. मी दम घ्यायला थांबलो, तेव्हा त्यानं मान वर केली.

"बॅटरी किती व्होल्टची?"

"बारा!" मी गरजलो.

तेवढं लिहून त्यानं वही मिटली. पुढच्या आठवड्यात कारखान्यानं स्वतःची बॅटरी आणली आणि माझ्याकडे पुन्हा एकही मोटार आली नाही.