वन्संचे कोरडे हात

आमच्या वन्सं बसच्या कारखान्यात चिकटवलेले जोड तपासतात. पत्र्याच्या दोन पट्ट्या गोंदाने जोडायच्या, सुकल्या की तुटेपर्यंत यंत्राने ओढायच्या. हाताला तेलकट काही चालत नाही, म्हणून तळव्यांना कायम भेगा. परवा मीच त्यांना बळेबळे क्रीम चोळलं.

नंतर त्यांनी जोडलेली पट्टी यंत्रावर सहज सुटली. साहेब गोंद कालवणाऱ्या म्हाताऱ्याला घरी पाठवायला निघाले.

"त्यांचा दोष नाही साहेब, माझ्या हाताला क्रीम होतं," वन्सं म्हणाल्या आणि हात धुऊन नव्या पट्ट्या जोडल्या. आज ओढताना पत्रा वाकला, पण जोड सुटला नाही.

घरी येऊन म्हणाल्या, "वहिनी, तुमच्या मायेपायी बिचाऱ्याची नोकरी जात होती. यापुढे माझे लाड सुट्टीच्या आदल्या दिवशीच करा."

आणि हात पुढे केले. उद्या सुट्टीच होती.